पॅकेज आणि पगार

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांच्या गुणगौरवप्रसंगी केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या सांगण्यावरून लिहून काढले. बोलण्याच्या ओघात राहून गेलेले एक-दोन हिशेब यात घातले आहेत.)



मला विषय दिला आहे ‘इंजिनिअरिंगमधील भरपूर पगाराच्या संधी’. मी सेक्रेटरींना म्हटलं, अहो, मी बी.कॉम. माणूस. घरातला फ्यूज गेला तर अजून शेजारच्यांना हाक मारतो. इंजिनिअरिंगवर मी काय बोलणार? ते म्हणाले, “काका, तुम्ही पस्तीस वर्षं लोकांच्या सॅलरी स्लिपा तपासल्यात, तेवढं पुरे.” आता यावर मला काही बोलता येईना. खरंच आहे ते. इंजिनिअरिंग मला कळत नाही, पण इंजिनिअरचा पगार मात्र मी पुष्कळ बघितला आहे. तेव्हा आज त्याबद्दलच बोलतो.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हाचं आठवा. चिंचवडच्या या बाजूला संध्याकाळनंतर रिक्षा यायला तयार नसे. पार्किंगमध्ये स्कूटर आणि मोटारसायकली, तीन विंगांत मिळून चारचाकी चार की पाच. आपल्यातले निम्मे लोक कारखान्यांतले. कोणी टेल्कोत, कोणी बजाजमध्ये, कोणी भोसरीच्या छोट्या वर्कशॉपमध्ये. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या गृहकर्जाचे कागद माझ्याच टेबलावरून गेले आहेत. तेव्हा बारा-तेरा टक्के व्याज होतं आणि ते स्वस्त वाटायचं!

त्या काळी स्लिप बघण्याची आमची एक पद्धत होती. बेसिक आणि महागाई भत्ता धरायचा. ओव्हरटाइम धरायचा नाही. इन्सेंटिव्ह असेल तर हात आखडता घेऊन धरायचा. लोक भांडायचे. “साहेब, गेलं वर्षभर दर महिन्याला ओव्हरटाइम मिळालाय, स्लिपवर लिहिलंय, मग का धरत नाही?” मी म्हणायचो, मिळाला ना, आनंद आहे, पण पुढच्या वर्षी ऑर्डर कमी झाल्या तर? हप्ता तर तेवढाच राहील. काही जण रागावून दुसऱ्या बँकेत गेले. पण माझ्या माहितीत या सोसायटीतलं एकही गृहकर्ज बुडालं नाही.

हे एवढं का सांगतो, तर कामगाराच्या ओव्हरटाइमकडे मी जेवढं बारीक बघायचो, तेवढं पुढे इंजिनिअर मुलांच्या ‘पॅकेज’कडे बघितलं नाही. तिथे माझी चूक झाली. ती आज तुमच्यासमोर सांगणार आहे. पण आधी पॅकेज म्हणजे काय ते बघू, कारण हा शब्द आता लग्नाच्या बैठकीपासून भाजीवाल्याच्या गाडीपर्यंत सगळीकडे ऐकू येतो.

समजा, तुमच्या मुलाला किंवा मुलीला सहा लाखांचं पॅकेज मिळालं. आपण लगेच बारानं भागतो आणि म्हणतो, महिना पन्नास हजार. पेढे वाटतो. आता त्या सहा लाखांच्या पोटात काय असतं ते मांडून बघा. ही मांडणी मी नमुना म्हणून करतो आहे, प्रत्येक कंपनीची थोडी वेगळी असते. बेसिक चाळीस टक्के, म्हणजे २,४०,००० धरा. त्याच्या बारा टक्के प्रॉव्हिडंट फंडाचा कंपनीचा वाटा, २८,८००, तो या सहा लाखांतच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटी म्हणून बेसिकच्या ४.८१ टक्के, साडेअकरा हजार रुपये, तेही यातच. आता ग्रॅच्युइटी कायम नोकरीत साधारण पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मिळते, आणि आजची मुलं दोन वर्षांत कंपनी बदलतात. म्हणजे जी रक्कम बहुधा मिळणारच नाही ती पॅकेजमध्ये दाखवलेली! वैद्यकीय विम्याचा हप्ता सहा हजार धरा. आणि दहा टक्के ‘व्हेरिएबल’, म्हणजे साठ हजार. ते वर्षाच्या शेवटी, कंपनीचं आणि तुमचं काम बरं झालं तर. हे सगळं वजा केलं की राहतात सुमारे ४,९३,६००. बारानं भागले तर ४१,१०० च्या आसपास. त्यातून पुन्हा प्रॉव्हिडंट फंडाचा आपला वाटा २,४०० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात येतात साडेअडतीस हजार.

पन्नास कुठे आणि साडेअडतीस कुठे. यात फसवणूक कुठेही नाही. प्रॉव्हिडंट फंड आपलाच आहे, विमा उपयोगाचाच आहे. पण खोलीचं भाडं, डबा आणि कर्जाचा हप्ता हे साडेअडतीसमधून जाणार आहेत, पन्नासमधून नाही. आणि ते व्हेरिएबल म्हणजे आपला जुना ओव्हरटाइमच, नाव तेवढं नवीन.

मोठी पॅकेजं असतात त्यांची तर वेगळीच गंमत. पेपरात येतं, अमुक संस्थेतल्या मुलाला एक कोटीचं पॅकेज. ते खोटं नसतं. पण त्यात कंपनीचे शेअर असतात, ते बहुतेक वेळा चार वर्षांत टप्प्याटप्प्यानं मिळतात. जॉइनिंग बोनस असतो, तो एकदाच. आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली तर अनेकदा परतही द्यावा लागतो. नोकरी परदेशातली असेल तर रक्कम डॉलरची रुपयांत करून सांगितलेली असते, तिथल्या घरभाड्याचा आकडा मात्र कोणी सांगत नाही. त्या मुलाच्या हुशारीबद्दल मला आदरच आहे. फक्त त्याच्या आकड्यावरून आपण आपल्या मुलाचा हिशेब करू नये.

आता माझी चूक सांगतो.

२००५ सालची गोष्ट. मी तेव्हा एका शाखेचा मॅनेजर होतो. एक गृहस्थ मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी कर्ज मागायला आले. हे आपल्या सोसायटीतले नव्हेत, नाव सांगणार नाही. स्वतः मशीन ऑपरेटर, एका लहान कारखान्यात. मुलगा हुशार होता, पण सरकारी कॉलेज थोडक्यात हुकलं होतं. खाजगी कॉलेजची फी, हॉस्टेल, सगळं मिळून चार वर्षांत चार लाख. २००१ पासून शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना बँकांकडे होतीच, चार लाखांपर्यंत तारण लागत नसे, वडील सहकर्जदार असले की झालं. फॉर्ममध्ये एक रकाना असे, शिक्षणानंतरचं अपेक्षित उत्पन्न. त्यांनी कॉलेजचं माहितीपत्रक आणलं होतं, चकचकीत कागदाचं. त्यात प्लेसमेंटच्या पानावर सर्वाधिक पगाराचा आकडा ठळक छापलेला. मी त्याखाली पेन्सिलनं रेघ मारली आणि त्याच्याच आधारानं रकाना भरला. अगदी तेवढाच नाही, थोडा कमी करून. मला वाटलं, मी सावधगिरी बाळगली.

त्या वेळी वातावरणच तसं होतं. हिंजवडीत रोज नवीन इमारत उभी राहत होती. पुढे २००८ मध्ये त्या मुलाला कॅम्पसमधून नोकरीचं पत्रही मिळालं. वडील पेढे घेऊन शाखेत आले. नंतर त्याच वर्षी अमेरिकेतली मंदी आली. २००९ मध्ये मुलगा पास झाला, पण कंपनीकडून रुजू होण्याची तारीख काही येईना. आधी तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, मग उत्तरच बंद. मुलगा क्लासमध्ये शिकवायला लागला.

आता कर्जाचं बघा. दरवर्षी एक लाख याप्रमाणे चार लाख दिले. शिक्षण चालू असताना सरळ व्याज, बारा टक्क्यांनं. शिक्षणानंतर एक वर्षाची सवलत. पाचव्या वर्षाच्या शेवटी पहिल्या लाखावर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन वर्षांचं व्याज. एकूण १,६८,०००. म्हणजे हप्ते सुरू होताना चार लाखांचे ५,६८,००० झाले होते. सात वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे दहा हजार. क्लासमध्ये त्याला सात हजार मिळत होते.

नव्वद दिवस हप्ता आला नाही की खातं अनुत्पादक होतं, नियमच आहे तो. नोटीस काढावी लागते. नोटिशीवर सही माझी. वडील नोटीस घेऊन आले, समोर बसले. मी फाइल मागवली, काही सवलत बसते का ते बघायला. फाइल उघडली तर वरच ते चकचकीत पान आणि त्याखाली पेन्सिलची रेघ. माझ्याच हातची.

ते गृहस्थ मला काही बोलले नाहीत. एवढंच विचारलं, “साहेब, पैसे भरले तर आजपासून व्याज थांबेल ना?” त्यांच्या कारखान्यानं त्याच सुमारास स्वेच्छानिवृत्ती दिली होती. ते पैसे मुलीच्या लग्नासाठी ठेवले होते, त्यातून त्यांनी कर्ज भरलं. मुलगा पुढे चाकणला एका कारखान्यात नऊ हजारांवर क्वालिटी विभागात लागला. आज त्याच क्षेत्रात चांगल्या पदावर आहे, बहिणीचं लग्नही त्यानंच केलं. पण त्या घराची मधली पाच-सहा वर्षं कशी गेली ते मी जवळून पाहिलं आहे.

मंदी यायची हे मला कळायला हवं होतं असं मी म्हणत नाही. ते भल्याभल्यांना कळलं नाही. माझी चूक एवढीच की मी सर्वात वरचा आकडा बघितला. मधला विचारलाच नाही.

हा मधला आकडा काय असतो ते साध्या उदाहरणानं सांगतो. एका वर्गात साठ मुलं. दोघांना चाळीस लाखांची नोकरी लागली. अडतीस जणांना चार-चार लाखांची. वीस जणांना लागलीच नाही. आता कॉलेज काय छापेल? ‘सर्वाधिक पॅकेज ४० लाख’. तेही खरं. ‘सरासरी पॅकेज ५.८ लाख’. तेही खरं, नोकरी लागलेल्या चाळीस जणांची सरासरी तेवढीच येते, करून बघा. पण त्या वर्गातल्या एकालाही ५.८ लाख मिळालेले नाहीत! बहुतेकांना चार मिळाले आणि प्रत्येक तिसऱ्याला काहीच नाही. नोकरी लागलेल्या सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर मधोमध जो उभा असेल, त्याचा पगार म्हणजे मध्यक, इंग्रजीत मीडियन. विचारायचा तो आकडा हा. आणि त्याच्याबरोबर दुसरा प्रश्न, किती मुलांपैकी किती जणांना नोकरी लागली.

हे कळतं कुठून? केंद्र सरकारचं एनआयआरएफ नावाचं मानांकन आहे. त्यात भाग घेणाऱ्या संस्थांना किती विद्यार्थी वेळेत पास झाले, किती जणांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेले आणि नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार किती, हे भरून द्यावं लागतं. ही माहिती संस्थेच्या वेबसाइटवर ठेवलेली असते, जरा आतल्या पानावर. ती संस्थेनंच भरलेली असते हे लक्षात ठेवून वाचा, पण माहितीपत्रकापेक्षा पुष्कळ बरी. ज्या कॉलेजचा विचार आहे त्याच्या मागल्या वर्षीच्या दोन मुलांना गाठून विचारा, हे त्याहून बरं. आपल्या बी विंगमध्येच अशी चार मुलं आहेत, लिफ्टमध्ये भेटतात.

आता तुम्ही म्हणाल, काका, विषय होता भरपूर पगाराच्या संधी आणि तुम्ही घाबरवताय. नाही. संधी आहेत, त्यावर बोलतो. फक्त कोणती शाखा चांगली हा प्रश्न मला विचारू नका. मी नोकरीला लागलो तेव्हा, १९७४-७५ ला, मेकॅनिकल आणि सिव्हिलला मान होता. १९८३ मध्ये वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदान कॉलेजांना परवानगी दिली आणि जागा वाढल्या. त्याआधी पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद अशी मोजकीच नावं घेतली जायची. मग इलेक्ट्रॉनिक्सची लाट आली, मग कॉम्प्युटरची. आणि लाटेची मजा अशी की प्रवेश घेतो लाटेच्या वेळी आणि बाहेर पडतो चार वर्षांनी. १९९७ ला उत्साहानं कॉम्प्युटरला गेलेली मुलं २००१ ला बाहेर आली, तेव्हा डॉटकॉमचा फुगा फुटलेला. २००५ ची मुलं २००९ ला आली, ते सांगितलंच. २०२१-२२ मध्ये कंपन्यांनी ताटंच्या ताटं भरून भरती केली, ते बघून सगळे तिकडे धावले. २०२३-२४ मध्ये भरती आटली. उलटही झालं आहे. २००१-०२ ला ‘आता कॉम्प्युटरमध्ये काही राम नाही’ असं सगळे म्हणत असताना जे गेले, ते २००५-०६ ला बाहेर पडले तेव्हा कंपन्या दारात उभ्या होत्या. म्हणून यंदा कोणाला किती पॅकेज मिळालं हे बघून शाखा ठरवायची तर ती बातमी तुमच्या उपयोगाला येईपर्यंत चार वर्षांची शिळी झालेली असते.

कॉम्प्युटर घ्यायचं तर त्यातही दोन वाटा आहेत हे घ्यायच्या आधी समजून घ्या. मोठ्या आयटी सेवा कंपन्या हजारोंनी मुलं घेतात, तिथे नवख्या मुलाचा पगार वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास. पंधरा वर्षांपूर्वी तो तीन-सव्वातीन होता. तेवढ्या काळात आपल्या सोसायटीचा मेंटेनन्स किती वाढला ते खजिनदारांना विचारा. या नोकऱ्या वाईट नाहीत, शिकायला मिळतं, पुढे पगार वाढतो. पण बारा, वीस, तीस लाख देतात त्या स्वतःचं सॉफ्टवेअर किंवा चिप बनवणाऱ्या कंपन्या. त्या मोजकी मुलं घेतात आणि त्यांची परीक्षा वेगळीच असते. तिथे शाखेच्या नावापेक्षा मुलानं चार वर्षांत स्वतः काय लिहिलं, काय बनवलं हे बघतात. चिप डिझाइनसाठी इलेक्ट्रॉनिक्सची मुलं लागतात. पुण्यात गाड्यांच्या कंपन्यांची संशोधन केंद्रं आहेत, तिथे मेकॅनिकलच्या मुलाला प्रोग्रॅमिंग येत असेल तर त्याला चांगली मागणी आहे.

सरकारी वाट मला बँकवाला म्हणून आवडते, लपवत नाही. गेट परीक्षेच्या गुणांवर अनेक सार्वजनिक कंपन्या अधिकारी घेतात. गेटचे गुण तीन वर्षं चालतात. तिथली सुरुवातीची वेतनश्रेणी बऱ्याच ठिकाणी ४०,००० ते १,४०,००० किंवा ५०,००० ते १,६०,००० अशी असते. हे मूळ वेतन हं, वर महागाई भत्ता आणि बाकीचे भत्ते. यूपीएससीची अभियांत्रिकी सेवा आहे, मूळ वेतन ५६,१०० पासून. ती सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स या शाखांसाठी. आपल्या राज्यात कनिष्ठ अभियंता ३८,६०० ते १,२२,८०० च्या श्रेणीत लागतो आणि त्याला डिप्लोमाही चालतो. यातल्या कशालाच मोठं पॅकेज म्हणून पेपरात जागा मिळत नाही. पण अशी स्लिप समोर आली की आम्ही कर्ज मंजूर करताना दुसरा चहा मागवत नसू. अडचण एवढीच की जागा थोड्या आणि बसणारे लाखो. दोन वर्षं द्यायची, तिसऱ्या वर्षी नोकरी धरायची असं आधी ठरवून बसलेलं बरं. तिशीपर्यंत अभ्यासिकेत बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

एक वाट आपल्याकडे कोणी फारशी विचारत नाही, मर्चंट नेव्ही. मेकॅनिकल झालेल्या मुलाला साधारण एक वर्षाचा मरीन इंजिनिअरिंगचा कोर्स करून जहाजावर जाता येतं. पगार डॉलरमध्ये. वर्षातले ठरावीक दिवस देशाबाहेर राहिलं की तो अनिवासी ठरतो आणि परदेशातल्या त्या कमाईवर इथे कर लागत नाही. माझ्या शाखेत अशी काही एनआरई खाती होती, शिल्लक बघून मलाच हेवा वाटायचा. पण पगार जहाजावर असेल तेवढेच महिने. आणि पहिलं जहाज मिळेपर्यंत थांबावं लागतं. कोर्सला पैसे भरण्याआधी संस्था नौवहन महासंचालनालयाची मान्यता असलेली आहे ना, आणि जहाजावर पाठवणार कोण, हे लेखी घ्या. या धंद्यात फसवणारे दलाल आहेत.

सिव्हिलला सगळे नाकं मुरडतात. सुरुवातीचा पगार खरंच कमी, साइटवर धूळ. पण परवा आपल्या इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटला जे इंजिनिअर आले होते, त्यांच्या फीवर आपल्या कमिटीत दोन तास चर्चा झाली, आठवतं ना? त्यांनी एक रुपयाही कमी केला नाही. कारण पंधरा वर्षांवरच्या इमारतीला दर पाच वर्षांनी आणि तिशी ओलांडल्यावर दर तीन वर्षांनी ऑडिट करून घ्यायचंच आहे, आणि आजूबाजूला अशा किती इमारती आहेत बघा. त्यांना इथवर यायला वीस वर्षं लागली, हेही खरं.

परदेशी शिक्षणावर थोडं स्पष्ट बोलतो, कारण ते आपल्या घरांशी निगडित आहे. गेल्या काही वर्षांत मुलाच्या किंवा मुलीच्या एम.एस.साठी फ्लॅट तारण ठेवायचा म्हणून सोसायटीच्या ना-हरकत पत्रासाठी अर्ज येतात. जो फ्लॅट कर्ज काढून घेतला, पंधरा वर्षं पोटाला चिमटा घेऊन मोकळा केला, तोच पुन्हा बँकेकडे. मी विरोधात नाही. पण हिशेब करा. चाळीस लाख, साडेदहा टक्के, पंधरा वर्षं. शिकत असतानाचं व्याज वेळच्या वेळी भरलं असं धरलं तरी हप्ता ४४,००० च्या वर. तिथे नोकरी लागली तर हे काहीच नाही, तीन-चार वर्षांत फिटतं, आपल्याच सोसायटीत फिटलं आहे. पण तिथे शिक्षणानंतर कामाची परवानगी एक वर्ष, तंत्र आणि विज्ञान विषयांना आणखी दोन वर्षं. पुढे एच-१बी व्हिसा, त्याच्या नेहमीच्या जागा वर्षाला ८५,००० आणि अर्ज त्याच्या कितीतरी पट. नियमही सारखे बदलतात. समजा परत यावं लागलं आणि इथे आठ लाखांचं पॅकेज मिळालं, तर हातात पन्नास-पंचावन्न हजार. त्यातून चव्वेचाळीस हजार हप्ता. हा दुसरा हिशेब घरात बसून, मुलासमोर, एकदा मोठ्यानं करा. मग जायचं ठरलं तर जरूर पाठवा. तो केल्याशिवाय ना-हरकत पत्र मागायला येऊ नका, असं म्हणायचा मला अधिकार नाही, पण म्हणावंसं वाटतं.

देशातल्या शिक्षणाला आता परिस्थिती आमच्या वेळेपेक्षा पुष्कळ बरी आहे. साडेसात लाखांपर्यंत तारण नाही, फेडीला पंधरा वर्षांपर्यंत मुदत मिळते. निवडक संस्थांत प्रवेश मिळाला तर पीएम विद्यालक्ष्मी योजना आहे. घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजाची सवलत. मुलींसाठी तर राज्य सरकारनं २०२४-२५ पासून, आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी गटांत आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केलं आहे. सोसायटीतल्या दोन घरांना हे माहीतच नव्हतं, परवा कळलं. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा, शेवटच्या आठवड्यात सेतू केंद्रात रांग असते.

कर्ज किती काढावं याचा माझा स्वतःचा ठोकताळा आहे, बँकेच्या पुस्तकात नाही. त्या कॉलेजचा, त्या शाखेचा मध्यक पगार घ्या. मघासारखा हातात येणारा आकडा काढा. हप्ता त्याच्या एक तृतीयांशाच्या आत बसतोय का बघा. बसत नसेल तर दुसरं कॉलेज बघा, किंवा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाट बघा. आपल्या पहिल्या पिढीतले तीन-चार जण याच वाटेनं कारखान्यांत वरच्या पदांवर गेले, आज समोरच्या रांगेत बसले आहेत. आणि कर्ज घेतलंच तर शिकत असतानाचं व्याज दरमहा भरत चला. पहिल्या वर्षी ते हजार रुपयांच्या आतबाहेर असतं. मी सांगितलेल्या घरानं ते भरलं असतं तर १,६८,००० चा डोंगर झालाच नसता. मी तेव्हा त्यांना हे सुचवलंही नव्हतं.

मुलांनो, तुमचा आज सत्कार आहे आणि मी सगळं तुमच्या आईवडिलांशीच बोलत बसलो. तुम्हाला एकच विनंती. घरात पैशाची चर्चा चालू असेल तेव्हा हेडफोन घालून आत जाऊ नका. कर्जाच्या कागदावर पहिली सही तुमची असते, वडिलांची दुसरी. कागद वाचून सही करा. समजलं नाही तर विचारा, आजोबांना वेळच वेळ आहे.

कॅप राउंड संपेपर्यंत मी दर रविवारी सकाळी दहा ते साडेअकरा सोसायटीच्या ऑफिसात बसणार आहे. कॉलेजचं फी-पत्रक, बँकेचा फॉर्म, मोठ्या भावंडाचं ऑफर लेटर, जे असेल ते घेऊन या. झेरॉक्स आणा, मूळ प्रत नको. आणि मुलाला किंवा मुलीला बरोबर आणा.